वाचक विचारतात : दहा बाय बाराचं गिरणगाव

गेल्या अंकात मी लालबागच्या आमच्या चाळीबद्दल लिहिलं होतं. दहा बाय बाराची खोली, बाहेर साडेचार फुटांची गॅलरी, मजल्यावर चौदा बिऱ्हाडं. ती चाळ आता नाही. पाडायच्या आधी मी ती टेप लावून मोजली होती, तो नकाशा लेखासोबत छापला होता. त्यावर बरीच पत्रं आली. नुसत्या आठवणींची पत्रं मी जपून ठेवली आहेत. ज्यांत प्रश्न होते त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आई वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि ३६ वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मोजणी आणि नकाशे करत आले. त्यामुळे माझं बोलणं फुटा-इंचांत जास्त असतं.

प्रश्न : ताई, माझे आजोबा लालबागला राहायचे. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, काहीच आठवत नाही. एक रविवार मुलीला घेऊन तिकडे जायचं आहे. पण मॉल आणि टॉवर सोडले तर बघण्यासारखं काही उरलंय का? सुरुवात कुठून करू? (एक वाचक, डोंबिवली)

उरलंय. सकाळी सातला करी रोडला उतरा. उन्हं तिरपी असतात तेव्हा जुन्या भिंतीचे कंगोरे नीट दिसतात, आणि गॅलऱ्यांत माणसं असतात. पुलावर दोन मिनिटं थांबा. पश्चिमेला लोअर परळचे टॉवर दिसतील. त्यांतल्या बहुतेकांच्या पायाखाली कुठल्या ना कुठल्या गिरणीची जमीन आहे, हे मुलीला तिथेच सांगा. मग पूर्वेकडे चालायला लागा, भारतमाता येईल. सिनेमाचं हे थिएटर आमच्या लोकांच्या हक्काचं. दुसरीकडे मराठी चित्रपटाला पडदा मिळत नसे तेव्हा इथे मिळत असे.

तिथून उड्डाणपुलाखालून आंबेडकर रस्ता ओलांडा आणि लालबागच्या गल्ल्यांत शिरा. गणेश गल्लीचा उत्सव १९२८ पासूनचा, लालबागच्या राजाचा १९३४ पासूनचा. या राजाची गोष्ट एका इमारतीतून सुरू होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला, कोळणी आणि दुकानदार उघड्यावर आले, आणि हक्काची मंडई मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. जागा मिळाली, मंडई झाली, गणपती बसला. म्हणून राजाकडे जाणाऱ्यांनी आधी मंडई बघावी असं मला मनापासून वाटतं.

मग हाजी कासम चाळ, तेजुकाया मॅन्शन अशी नावं वाचत वाचत फिरा आणि प्रत्येक इमारतीपाशी नजर खालून वर न्या. खाली काळ्या दगडाचं जोतं. वर सागवानी खांब, त्यांच्यामध्ये विटांची भिंत. मजल्याला लाकडी तुळया आणि त्यावर फळ्यांची तक्तपोशी, माथ्यावर मंगलोरी कौलं. गॅलरीला कुठे लाकडी कठडा, कुठे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडाचा असेल तर त्याची नक्षी बघा. चाळीचा मालक हिशेबी माणूस असे, भाड्यासाठी बांधायचा. तरी रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला तो चार पैसे जास्त घालायचा. मागे गेलात की नक्षी संपते, साधे चौकटी गज लागतात. कुठल्या बाजूला कोणाचं भाडं जास्त होतं ते यावरून कळतं.

पुढे परळ. दामोदर हॉल शोधू नका. १९२२ साली सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी उभारलेलं ते नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस बंद झालं आणि पाडलं गेलं. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी पाळी संपवून, चेहऱ्यावरचा कापूस पुसून, तिथे दशावतार आणि नमन केली. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा तिथेच भरली आणि तिच्यातून पुढे जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. ती जागा मोकळी झालेली पाहिली त्या दिवशी मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

तिथून जवळच पोयबावाडीतली बीआयटी चाळ आहे. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मेली, आणि १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या आणि हवा-उजेड मिळेल अशी घरं बांधायची, हे त्याचं काम. पाडलं फार, बांधलं त्या मानाने थोडं, पण जे बांधलं ते टिकलं. परळच्या चाळ नंबर १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर खोली क्रमांक ५० आणि ५१ आहेत. तिथे बाबासाहेब १९१२ पासून २२ वर्षं राहिले आणि मग दादरच्या राजगृहात गेले. शाहू महाराज त्यांना भेटायला आले ते याच चाळीत. आत जायच्या आधी अंगणात उभे राहा. ट्रस्टने उजेडाचा एक नियम मानला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळाचा तुकडा दिसेल. मुलीला दोन इमारतींमधलं अंतर पावलांनी मोजू द्या आणि मजले मोजून उंचीचा अंदाज घेऊ द्या. नंतर घरी डोंबिवलीत तुमच्या खिडकीसमोरचं अंतर मोजा.

पाय दुखत नसतील तर शेवटी परळ गावातल्या बारादेवीला जा. १९३१ मध्ये रस्त्याचं काम करताना जमिनीतून निघालेलं शिवाचं भलं मोठं शिल्प तिथे आहे, दीड हजार वर्षं जुनं, एकातून एक उमलत गेलेल्या मूर्तींचं. गिरणगाव शंभर-दीडशे वर्षांचं, पण परळ गाव फार जुनं.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी का असतात? आणि एखाद्या बंद गिरणीत आत जायची परवानगी मिळाली तर नेमकं काय बघू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

बाई गं, परवानगी मिळाली तर आधी पायात जाड तळव्याचे बूट घाल आणि एकटी जाऊ नकोस. सडलेली तक्तपोशी वरून धडधाकट दिसते.

करवती छपराचं असं. प्रत्येक दात्याची एक बाजू तिरपी, पत्र्याची किंवा कौलांची, आणि दुसरी उभी, काचेची. काच नेहमी उत्तरेकडे. सूर्य आपल्याकडे वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन थेट आत येत नाही, सारखा, सावली न पाडणारा उजेड येतो. साच्यावर उभ्या माणसाला तुटलेला धागा दिसायला हाच उजेड लागतो. तुझ्यासारख्या मुलीला पुढचा प्रश्न सुचायला हवा : मुंबईत तर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकतो, शून्य सावलीचे दोन दिवस आपण पाळतो, मग तेव्हा काय? तेव्हा बराच काळ पावसाळा असतो आणि आभाळच भरलेलं असतं. मेच्या शेवटच्या पंधरवड्याचे हाल मात्र व्हायचे. वडील त्या दिवसांत घामाचा बनियन पिळूनच घरात यायचे.

आणखी एक गोष्ट नीट समजून घे. गिरणीतली प्रत्येक भिंत यंत्राने ठरवलेली असते. सूत काढायचं खातं चार-चार मजले वर चढलेलं दिसेल, कारण एकाच इंजिनाने सगळे मजले फिरवता येतात. साचे मात्र तळमजल्यावर. शेकडो धोटे (साच्यात आडवा धागा नेणारे) एकदम आदळायला लागले की वरचा मजला हलतो. शिवाय धाग्याला दमट हवा लागते, कोरड्या हवेत तो तटतट तुटतो, म्हणून खिडक्या बंद. कापसाचे तंतू त्याच हवेत, तेच माणसांच्या छातीत. गिरणीचं सौंदर्य लिहिशील तेव्हा हेही लिही.

आत गेलीस की बिडाचे खांब बघ. खांबावर एखादी सपाट, भोकं पाडलेली जागा दिसेल. फिरत्या दांड्याचा कंस तिथे बसायचा, त्या दांड्यावरून पट्टे, पट्ट्यांवर यंत्रं. खांबावर कारखान्याचं नाव ओतलेलं असेल तर त्याचा ठसा घे, कागद ठेवून पेन्सिल घास. बरेच खांब विलायतेहून बोटीने आलेले असत. करवती छपराच्या काही शेडमध्ये हे खांब आतून पोकळ असतात आणि दोन दात्यांमधल्या पन्हळीचं पाणी त्यातूनच जमिनीत जातं. पहिल्यांदा मला हे कळलं ते पावसात. कान लावला आणि खांबाच्या आतून पाणी वाहताना ऐकू आलं.

इंजिनघराला लागून एक उंच, अरुंद, मजले नसलेली खोली असते. तिथून जाड दोरखंड वर प्रत्येक मजल्यावर जायचे. १९१५ मध्ये खोपोलीची टाटांची वीज आली, गिरण्या तिचं मोठं गिऱ्हाईक झाल्या, आणि हळूहळू या खोल्या रिकाम्या पडल्या. शेवटी तळं. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून आवारात तळं असे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल २-३ च्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय करायला घेतलं आहे, तिथे तुला तळं बघता येईल.

आणि एवढ्या गिरण्या गेल्या कुठे, हा प्रश्न तुझ्या पत्रात नाही, पण तुला त्याचं उत्तर ठाऊक असायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ आलं : गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक सरकारी घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये ते बदललं आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारतीखालची सगळी जमीन मालकाची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. नियमातला एक शब्द बदलला की किती दगड पडतात ते यातून शिक. तुमच्या कॉलेजात स्तंभ आणि कमानी शिकवतात, नियमावलीही तितकीच मन लावून वाच.

प्रश्न : माझे वडील कुडाळजवळच्या आमच्या गावाहून मुंबईला गेले आणि डिलाईल रोडला ‘गावच्या खोलीत’, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत, राहिले. सांगायचे, एका खोलीत आम्ही बावीस जण होतो. तुमचा दहा बाय बाराचा नकाशा बघितला आणि हिशेबच लागेना. वडील वाढवून सांगत होते का? (एक वाचक, कुडाळ)

नाही हो, अजिबात नाही. मीच तुम्हाला हिशेब करून दाखवते.

दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट. एका कोपऱ्यात तीन बाय तीनची मोरी, तिच्याशेजारी स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. उरले साधारण शंभर. एक माणूस आडवा व्हायला सहा बाय दोन, म्हणजे बारा चौरस फूट. दाटीवाटीने आठ जण झोपतात. आता गिरणीच्या पाळ्या तीन. पहिल्या पाळीची माणसं सात वाजता बाहेर, दुसऱ्या पाळीची दुपारी, रातपाळीची रात्री. आठ त्रिक चोवीस, रात्री दोन पाळ्यांची माणसं एकदम आली की जास्तीची बाहेर गॅलरीत. तुमच्या वडिलांची खोली दोन माणसांनी रिकामीच होती म्हणा.

हे गंमत म्हणून सांगत नाही. गावच्या खोलीचा नकाशा काढायचा तर वेळही काढावा लागतो, हे मला फार उशिरा समजलं. पहाटे सहाची खोली वेगळी आणि दुपारी तीनची वेगळी. एक जण उठून वळकटी गुंडाळतो, त्याच जागेवर रातपाळीचा येऊन पडतो. भिंतीला चारही बाजूंनी, डोक्याच्या वर, एक फळी. तिच्यावर पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकाची एक, कुलूप लावलेली. पेटीत दोन कपडे, पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या. पेटीखाली भिंतीत खुंटी, तीही प्रत्येकाची एक. ९० च्या दशकात ना. म. जोशी मार्गावरच्या (हाच तुमचा डिलाईल रोड) एका चाळीत मी अशी खोली मोजली. माणसं कमी झाली होती, पण खुंट्या एकोणीस होत्या, आणि प्रत्येक खुंटीखालच्या चुन्यावर खांद्याएवढ्या उंचीवर तेलकट डाग होता, सदरे घासून घासून पडलेला. एकोणीस डाग. मी नकाशात ते सगळे छोट्या गोलांनी दाखवले. आमचे साहेब म्हणाले, हे कशाला? दुरुस्तीच्या नकाशात ते लागत नव्हते, हे खरं. पण ती खोली कुणी वापरली हे त्या गोलांवाचून कळलंच नसतं.

शिवाय खोली उंबरठ्यापाशी संपत नव्हती. उन्हाळ्यात गॅलरीत, जिन्याच्या चौकात, पावसाळा सोडला तर खाली फुटपाथवर झोपायचे. रोजचं जेवण खोलीत सहसा शिजत नसे, ते खानावळीत. शेजारच्या चाळीतली एखादी बाई दहा-पंधरा जणांना दोन वेळचं घालायची, महिन्याचे पैसे पगाराला. नवऱ्याची नोकरी गेली की घर हीच बाई चालवायची. अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यांचा स्वयंपाकाचा ओटा हा त्या गावच्या खोलीचाच भाग होता, दोन चाळींपलीकडे असला तरी.

तुमच्याकडे गावात वडिलांच्या वयाचं कोणी असेल तर एक काम करा. कागद-पेन्सिल पुढे ठेवा आणि खोली काढायला सांगा. तोंडी विचारलंत तर ‘होती आपली खोली’ एवढंच म्हणतील. काढायला बसले की मोरी कुठे, नळाला पाणी किती वाजता, कोणाची पेटी कुठे, सगळं येतं. कागदाची घडी करून मला पाठवा, मी मापात काढून देईन.

प्रश्न : वरळीच्या बीडीडी चाळीत माझा जन्म झाला आणि लग्नही त्याच चाळीत. आता पुनर्विकास चालू आहे. पाचशे फुटांचं घर मिळणार. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, आई, हा वारसा आहे. मी बावन्न वर्षं सामाईक संडासाच्या रांगेत उभी राहिले. तुमचा लेख छान होता, पण तुम्हाला वारसा हवा आणि आम्हाला संडास हवा. तुम्ही पुनर्विकासाच्या विरोधात आहात का? (एक वाचक, वरळी)

नाही, विरोधात नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या आईला गुडघेदुखी होती. रात्री अडीच वाजता, पावसात, गॅलरीच्या टोकापर्यंत तिला धरून न्यायचं काम माझं होतं. ज्यांनी ती रांग लावली नाही त्यांनी तुम्हाला चाळ जपायला सांगू नये.

तुमची चाळ कशी उभी राहिली ते मात्र मुलीसाठी सांगते, कारण बीडीडी आणि आमच्या लालबागच्या चाळी एका जातीच्या नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची ओरड झाली आणि गव्हर्नर लॉईड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, तेच बीडीडी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा केला. ठरवल्या होत्या ५० हजार खोल्या. झाल्या २०७ चाळी : वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. आणि सगळं काँक्रीटचं. सागवान, विटा, कौलं यांच्या मुंबईत हा नवाच प्रकार होता.

सुरुवातीला कामगार तिथे जायला तयार नव्हते. वरळी गिरण्यांपासून लांब, काँक्रीट तापणारं, भाडं परवडेना. कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला. तुमच्या मुलीला हे सांगा. एखाद्या वास्तूत आधी कैदी आणि मग बिऱ्हाडं राहू शकतात, यातच तिच्या बांधकामावरची टीका येते.

आता बीडीडीला आमच्यासारखी गॅलरी नाही. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं. उजेडाच्या दृष्टीने ही मांडणी वाईट, मी ड्राफ्ट्समन म्हणून तिला कधीच चांगलं म्हणणार नाही. पण त्याच बोळात तुमची हळद झाली असेल. लग्नाची पंगत बसली असेल. दहीहंडीच्या आदल्या रात्री पोरं झोपली असतील. नव्या इमारतीतही लिफ्टसमोर बोळ असेल, पण दारं बंद असतील, कारण आत संडास, आत पाणी, आत सगळं. एकमेकांकडे जावं लागणार नाही. हा फरक चांगला की वाईट हे तुम्ही ठरवायचं, मी नाही.

तुमच्या शेजारच्या काहींना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्याही. तुम्हालाही लवकर मिळो. मनापासून सांगते, आनंदाने जा. फक्त सामान हलवण्याच्या आधी एक रविवार मुलीला द्या. टेप वीस-पंचवीस फुटांची चालेल. खोलीची लांबी, रुंदी, उंची. दाराची आणि खिडकीची मापं. माळा किती उंचीवर घातला, तो कोणी घातला, किती साली. बोळाची रुंदी. नळापर्यंत पावलं किती. संडासापर्यंत पावलं किती, तेही लिहा, अगदी ठळक लिहा. पुढे कोणी चाळीचे गोडवे गायला लागलं तर तुमच्या मुलीने तो आकडा पुढे करावा.

प्रश्न : मला फोटोग्राफीचा छंद आहे. गेल्या महिन्यात एका जुन्या चाळीत फोटो काढत होतो तर रहिवाशांनी हटकलं, जवळजवळ हाकललंच. मी तर चाळीचं कौतुकच करत होतो. (एक वाचक, ठाणे)

त्यांचं बरोबर होतं. गॅलरी हा तुम्हाला रस्ता वाटला, त्यांच्यासाठी ती बैठकीची खोली आहे. खाली पानाच्या गादीवर किंवा मंडळाच्या ऑफिसात आधी विचारा, कोण आलंय आणि कशासाठी ते सांगा. आतल्या माणसाचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा, उघड्या दारातून दिसणाऱ्या खोलीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या चाळीत अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन दिसला की लोकांना बिल्डरचा माणूस वाटतो, आणि असा संशय घ्यायची त्यांना कारणं मिळालेली आहेत. काढलेल्या फोटोंच्या प्रती नेऊन द्या. दुसऱ्या वेळी चहा मिळेल.

प्रश्न : वडिलांच्या मागे एक पत्र्याची पेटी मिळाली. तिच्यात परळच्या खोलीच्या भाडेपावत्या आहेत, १९५१ पासूनच्या, काही पिवळ्या पडून तुटायला आलेल्या. एक बदली कार्डही आहे, गैरहजर कामगाराच्या जागी काम करणाऱ्या बदली कामगाराचं. फेकवत नाही, पण ठेवून तरी काय करू? (एक वाचक, विरार)

फेकू नका. आणि एक विनंती, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दहा वर्षांनी ती चिकटपट्टीच कागद खाते. सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कागद घाला, प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मागे पेन्सिलने (पेनने नको) कोणाचं, कुठलं ते लिहा.

भाडेपावती हा गिरणगावच्या वास्तूचा सगळ्यात बोलका कागद आहे, हे मी नेहमी सांगते. एकामागे एक लावून बघा. भाड्याचा आकडा वर्षानुवर्षं जवळपास हलत नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या खोल्यांचं भाडं १९४० च्या आसपास बांधून टाकलं. भाडेकरू वाचला, नाही तर आमच्यासारखी माणसं या शहरात राहिलीच नसती. पण आठ-दहा रुपयांत मालक कौलं तरी कशी बदलणार? तुळया कुजायला लागल्या, टेकू लागले, पावसाळ्यात चाळी पडायला लागल्या. म्हणून १९६९ पासून उपकर घेऊन सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची पद्धत आली. तुमच्या पावत्यांवर सत्तरनंतर कुठेतरी भाड्याखाली दुरुस्ती उपकराची वेगळी ओळ येते का बघा. आली तर ती पावती सगळ्यात वर ठेवा. त्या एका ओळीवर माझं ३६ वर्षांचं पोट चाललं.

हे कागद जपायचं माझं कारण सांगते. एका गिरणीचं सूतखातं आम्ही दोघांनी चार दिवस मोजलं होतं. चौदा कागद झाले, ट्रेसिंगवर शाईने काढलेले. इमारत गेली, बिडाचे खांब वजनावर भंगारात गेले. नकाशे तरी आहेत असं मी समजत होते. काही वर्षांनी ज्या ऑफिसात ते ठेवले होते ते दुसरीकडे हललं आणि गुंडाळ्या रद्दीत गेल्या. मी विचारायला गेले तेव्हा कपाटाच्या तळाशी एकच कागद सापडला, चिमणीच्या पायाचा. खाली अष्टकोनी, वर गोल होत गेलेली विटांची चिमणी, पायाशी राख काढायचं छोटं दार. आता त्या गिरणीचं माझ्याकडे तेवढंच आहे.

बदली कार्डाचाही फोटो पाठवा. त्यावर खात्याचं नाव आणि हजेरीच्या तारखा असतात. पावत्यांवर खोलीचा आणि मजल्याचा नंबर असेल, चाळ अजून उभी असेल, तर पेटी घेऊन एखाद्या रविवारी परळ स्टेशनवर या. ती खोली आपण दोघं शोधू. तिथे राहणाऱ्यांनी आत येऊ दिलं तर मी मोजून घेईन, टेप माझ्या पिशवीत असतेच.